चढावरचा काटा: तापणाऱ्या जुन्या ट्रकसोबतचा प्रवास

ट्रक जुना. सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन, इंधनपंपापासून पंख्यापर्यंत सगळं यांत्रिक, बिघाड सांगणारा संगणक कुठेच नाही. तक्रार अशी, की भरलेली गाडी चढाला लागली की तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकतो, आणि चढ लांबला तर रेडिएटर पाणी बाहेर फेकतो. ज्याला विचारावं त्याचं उत्तर तयार होतं. कोणी म्हणे रेडिएटर बदला, कोणी म्हणे हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधला सील) गेलं, कोणी वॉटर पंपावर बोट ठेवलं. यातलं एकही उत्तर नुसतं ऐकून खोडता येत नाही, कारण या प्रत्येक कारणाने गाडी तापू शकते. पण सगळे पार्ट बदलून बघणं ही तपासणी नव्हे.

म्हणून ठरवलं, की गाडीबरोबर जायचं. हौदा भरलेला, आधी सपाट रस्ता, मग घाट, वर पठार आणि त्याच वाटेने परत. गाडी का तापते हे विचारण्याआधी ती नेमकी कधी तापते ते वहीत उतरवायचं, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पुन्हा चालवून बघायची. चालवायला काका होते. त्यांचा हात अशाच गाड्यांवर बसलेला, त्यामुळे इंजिनचा आवाज बदलला की माझ्याआधी त्यांना कळायचा.

पहिला दिवस: गार इंजिन, सपाट रस्ता

पहाटे इंजिन पूर्ण गार असताना काम सुरू केलं. गार असतानाच, कारण तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडणं म्हणजे हातातोंडावर वाफ घेणं. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असूनही उकळत नसतं. झाकण फिरवलं की दाब जातो, आणि ते सगळं एका क्षणात वाफ होऊन वर येतं. या एका कृतीने माणसं भाजली आहेत, म्हणून हे आधीच लिहून ठेवतो.

पातळी ठीक होती. पाणी मात्र तांबूस, म्हणजे आत गंज धरलेला. झाकणाचं रबर नीट होतं, त्यावर 50 किलोपास्कलचा आकडा होता, आणि हातपंपावर लावून बघितलं तर तेवढ्या दाबाला ते सुटत होतं, त्याआधी नाही. झाकण ही किरकोळ वस्तू वाटते, पण उकळण्याची सगळी मर्यादा तिच्यावर असते. साधं पाणी समुद्रसपाटीला 100 अंशांना उकळतं. 50 किलोपास्कलचं झाकण घट्ट असेल तर साधारण 111 अंशांपर्यंत थांबतं. उंचीवर याचा हिशेब उलटा लागतो. दर 300 मीटरला उकळबिंदू जवळपास 1 अंशाने उतरतो, म्हणजे हजार मीटरवर झाकण गळकं असेल तर पाणी 97 अंशांच्या आतच उकळेल. सपाटीवर चालून जाणारं झाकण घाटमाथ्यावर दगा देतं ते यामुळे.

मग त्याच पंपाने अख्ख्या सिस्टिमला दाब दिला. पंपावरची सुई चढली तिथेच टिकली, खाली आली नाही. पंपाच्या खालच्या भोकातून थेंब नाही, ब्लॉकच्या कडेच्या गोल प्लगांना ओल नाही, होजच्या टोकांना पांढरे डाग नाहीत. पट्टा दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीएवढाच दबत होता. बाहेर गळती नाही, पट्टा सैल नाही, हे दोन संशय निघायच्या आधीच मिटले.

काट्यावर विश्वास ठेवावा का, हाही प्रश्न होता. अशा बहुतेक जुन्या गाड्यांत तापमानाच्या सेन्सरला एकच वायर असते आणि इंजिनचं अंगच त्याची अर्थिंग असतं. वायर काढली की काटा तळाला, क्षणभर अंगाला टेकवली की वर, एवढं झालं तर मीटर आणि वायर ठीक. मग उरतो सेन्सर. त्यासाठी थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर काळ्या टेपचा तुकडा चिकटवला आणि इन्फ्रारेड थर्मामीटर त्यावरच रोखायचं ठरवलं. चकचकीत धातूवर हे यंत्र खोटं, बहुधा कमी तापमान दाखवतं. काळ्या टेपवर खरं. काट्याच्या कोणत्या खुणेला किती अंश, याची छोटी यादी दुपारपर्यंत तयार झाली, आणि काटा खरं बोलतो हे कळलं.

दिवसभर रस्ता सपाट. आणि इथे जे दिसलं त्याची अपेक्षा कोणीच केली नव्हती: गाडी गरम होत नव्हती. अजिबातच नाही. तासभर चालल्यावरही टेपवर 64, 66, 63. काका खूश. मला मात्र काळजी वाटली. या इंजिनाने 80 ते 90 च्या दरम्यान चालायला हवं. 65 वर चालणारं डिझेल इंधन जास्त पितं, त्याचं तेल पुरेसं तापत नाही आणि सिलिंडर लवकर झिजतात. चढावर तापणारी गाडी सपाटीवर इतकी गार, ही दोन टोकं एकाच कारणाला लागून असू शकतात.

संध्याकाळी इंजिन निवाल्यावर थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅटच नव्हता.

"मग काय झालं?" काका म्हणाले. "गाडी तापायला लागली की तो काढूनच टाकतात. पाणी मोकळं फिरतं."

"काका, या इंजिनात तो दोन कामं करतो," मी म्हणालो, आणि नवा थर्मोस्टॅट त्यांच्या हातात दिला. वरची तबकडी उघडली की रेडिएटरची वाट मोकळी होते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण त्याच दांड्यावर खाली दुसरी तबकडी आहे. वरची उघडते तसतशी ती बायपासचं तोंड बंद करत जाते. थर्मोस्टॅटच नसला तर बायपास कायम उघडा. इंजिनातून निघालेलं गरम पाणी रेडिएटरला न जाता थेट पंपाकडे परत येतं, तेवढं पाणी गार होण्यातून सुटतं. सपाटीवर कमी उष्णतेला हे खपून जातं, उलट इंजिन जास्तच गार राहतं. चढावर, जेव्हा पाण्याचा प्रत्येक थेंब रेडिएटरमधून जायला हवा, तेव्हा ही चोरवाट भारी पडते. काकांनी दोन्ही तबकड्या बोटाने दाबून बघितल्या आणि काही वेळ काहीच बोलले नाहीत.

नवा भाग बसवण्याआधी तपासला. दोऱ्याने भांड्यातल्या पाण्यात लटकवला, तळाला टेकू दिला नाही, बाजूला थर्मामीटर. अंगावर 82 कोरलेलं. 83 ला फट दिसली, 95 च्या सुमाराला पूर्ण उघडला. नवा आहे म्हणून बरोबरच असेल असं धरू नये. बंद अवस्थेत अडकलेला नवा थर्मोस्टॅट घाटात पहिल्या वळणालाच गाडी थांबवेल.

पाणी परत भरताना केबिनच्या हीटरचा कॉक पूर्ण उघडला, सावकाश ओतलं, आणि झाकण न लावता इंजिन चालू ठेवून बुडबुडे निघू दिले. हेडमध्ये हवा धरून राहिली तर सेन्सरभोवती पाणीच नसतं. तेव्हा काटा थंड दाखवतो आणि हेड आतल्या आत भाजत असतं. चढावर असलेला काटा अचानक खाली पडला तर आनंद मानू नये, तत्काळ गाडी बाजूला घ्यावी.

दुसरा दिवस: गर्दी, मग पहिले उतार-चढाव

सपाटीवर काटा आता 84 वर येऊन थांबला आणि तिथेच राहिला. हीटरची हवा पहिल्यांदा खरोखर गरम आली.

सकाळचा बराच वेळ एका लांबलचक वाहतूककोंडीत गेला. तापमान जागचं हललं नाही. पेट्रोल इंजिन असतं तर यावरून पंखा चांगला आहे असं म्हणता आलं असतं. डिझेल मात्र नुसतं चालू असताना इतकं कमी इंधन घेतं, की पंखा निकामी असला तरी ते बराच वेळ तापत नाही. त्यामुळे या कोंडीवरून मी काहीच निष्कर्ष काढला नाही. पंख्याची खरी परीक्षा हळू वेग आणि जास्त ओझं एकत्र आले तरच होते.

ती दुपारी झाली. छोटे, तुटक चढ लागले. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये भरलेली गाडी, समोरून वारा नाही. काटा 84 वरून 92, मग 96, आणि माथ्यावर 98. उतार लागताच पाच-सहा मिनिटांत परत 84. वहीत लिहिलं: वाढ सावकाश, ओझ्याबरोबर; ओझं गेलं की लगेच उतार. हेड गॅस्केटची वागणूक सहसा अशी नसते. तिथे काटा झटक्याने उडतो, आणि पाणी उकळण्याआधीच बाहेर फेकलं जातं. ही गाडी उष्णता तयार होते तितक्या वेगाने बाहेर टाकू शकत नव्हती, एवढंच सध्या म्हणता येत होतं.

डिझेलमधून मिळणाऱ्या उष्णतेचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक चाकं फिरवतो, एक धुराबरोबर जातो, आणि उरलेल्यातला मोठा भाग पाण्याला वाहून न्यावा लागतो. म्हणजे चढावर इंजिन जेवढी ताकद चाकांना देतं, जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरने हवेत सोडायची असते. ती सुटत नसेल तर कारण दोनच बाजूंना: हवा कमी जातेय किंवा पाणी कमी जातेय. ही दोन वेगळी करायची एक सोपी रीत आहे. रेडिएटरची वरची टाकी आणि खालची टाकी यांतला फरक मोजायचा. ओझ्याखाली तो साधारण 5 ते 10 अंश असतो. फरक फारच कमी असेल तर पाणी येतंय पण गार होत नाही, म्हणजे हवेचा दोष. फरक फार जास्त असेल तर पाणी रेंगाळतंय, म्हणजे प्रवाहाचा दोष.

माथ्यावर काकांनी इंजिन चालू ठेवलं आणि मी ताबडतोब मोजलं. वर 97, खाली 76. एकवीस अंश. त्याहून बोलकी गोष्ट म्हणजे जाळी सगळीकडे सारखी गरम नव्हती. खालचा उजवा कोपरा 50 च्या आसपास. तिथल्या नळ्यांतून पाणी फिरतच नव्हतं.

तरी आधी हवेची बाजू पुरी केली, कारण ती फुकट आणि हाताशी होती. पत्र्यांच्या फटींत किडे, धूळ आणि तेलाचा थर मिळून नमदा झाला होता. पाणी इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला मारलं. समोरून मारलं तर कचरा आणखी आत दाबला जातो. जोरही बेताचा, नाहीतर पत्रे आडवे होतात. पंख्याभोवतीचा श्राउड, म्हणजे हवेला वाट देणारं आवरण, खालून फाटलेला होता, तो पत्र्याची पट्टी आणि रिव्हेट लावून जोडला. श्राउड नसला तर पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी स्वतःभोवतीचीच गरम हवा फिरवत राहतो. जुन्या गाड्यांत दुरुस्तीच्या वेळी काढलेला श्राउड परत लावलाच गेला नाही, असं फार दिसतं, आणि मला ते बघून वाईट वाटतं.

तिसरा दिवस: घाट

पायथ्याशी, इंजिन रात्रभर निवलेलं असताना हेड गॅस्केटचा प्रश्न कायमचा मिटवायचा होता. झाकण काढून रेडिएटर काठोकाठ भरला आणि इंजिन सुरू केलं. गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला वायू पाण्यात घुसतो आणि एकसारखे बुडबुडे येत राहतात, इंजिन गार असतानाही. सुरुवातीला चार-दोन आले, मग पृष्ठभाग शांत. झाकण लावून इंजिन पुन्हा चालू केलं आणि वरचा होज हातात धरला. पाणी तापायच्या आधीच, मिनिटाभरात होज टणक झाला तर तो दाब वाफेचा नसतो, सिलिंडरचा असतो. होज मऊच राहिला. शेवटी निळ्या द्रावाची चाचणी: रेडिएटरमधली हवा त्या द्रावातून ओढायची. जळालेला वायू असेल तर त्यातल्या कार्बन डायऑक्साइडने निळा रंग पिवळटाकडे झुकतो. रंग निळाच. तेलाच्या पट्टीवर दुधाळ काही नाही, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर नाही. हेड उतरवायची गरज नव्हती, आणि हेड उतरवणं किती मोठं काम आहे हे ज्याला माहीत आहे त्याला या दहा-पंधरा मिनिटांची किंमत कळेल.

मग घाट. पहिल्या काही वळणांना काटा 90 वर टिकला. कालच्यापेक्षा बरं, जाळीच्या सफाईचा आणि श्राउडचा तो परिणाम. अर्ध्या चढावर 96. काकांनी न सांगता खालचा गिअर टाकला. हे बरोबरच होतं. वरच्या गिअरमध्ये इंजिन दमून ओढत असतं, ओझं जास्त आणि पंखा-पंप मात्र हळू. खालच्या गिअरमध्ये वेग कमी होतो, पण पंप आणि पंखा जोरात फिरतात. हीटर पूर्ण सोडला. केबिन भट्टीसारखी झाली, पण तोही एक छोटा रेडिएटरच आहे.

एरवी या उपायाने काटा उतरायला हवा. इथे उलट झालं. इंजिनचे फेरे वाढताच काटा आणखी वेगाने चढला. 99, 101, 103.

हीच त्या दिवसाची सगळ्यात महत्त्वाची नोंद. फेरे वाढल्यावर पंप जास्त पाणी ढकलतो. तरीही तापमान वाढत असेल तर जास्त फेऱ्यांना पाण्याची वाट कुठेतरी आवळली जातेय. रुंद जागा बघून गाडी बाजूला घेतली. इंजिन बंद केलं नाही. पाणी बाहेर गेलेलं नव्हतं, आणि अशा वेळी बंद केलं तर पंप थांबतो आणि हेडमधली उष्णता आहे त्या पाण्याला तिथल्या तिथे उकळवते. थोड्या वाढीव फेऱ्यांवर चालू ठेवलं. पाणी गेलं असतं तर मात्र तत्काळ बंद करून थांबावं लागलं असतं, आणि गार पाणी ओतायची घाई तर करायचीच नव्हती. लालबुंद हेडवर थंड पाणी पडलं की बिडाला तडा जातो.

काटा 95 वर आल्यावर काकांना म्हटलं, "आता जागेवरच फेरे वाढवा, मी खाली बघतो." सदऱ्याच्या बाह्या आवरून, पंख्यापासून दूर राहून, टॉर्चच्या उजेडात खालच्या होजकडे बघत राहिलो. कमी फेऱ्यांना तो गोल, भरलेला. फेरे वाढले तसा त्याचा मधला भाग आत बसू लागला, आणि काकांनी पेडल आणखी दाबल्यावर दोन्ही बाजू जवळजवळ एकमेकींना चिकटल्या. ओठांनी जोरात ओढलेली मऊ नळी चपटी होते, तसा. पेडल सोडलं की परत गोल.

पंप खालच्या होजमधून पाणी ओढतो. या होजच्या आत तारेची स्प्रिंग असते ती याच ओढीला तोंड द्यायला. नंतर कापून बघितलं तेव्हा आत स्प्रिंगच्या जागी तांबड्या चुऱ्याचे वळे उरले होते, आणि रबर तेलाने मऊ पडलं होतं. रेडिएटर मोकळा असता तर मऊ होजनेही निभावून नेलं असतं. पण अर्धवट तुंबलेल्या जाळीतून मागे पुरेसं पाणी येत नाही, म्हणून ओढ वाढते आणि होज बसतो. गाडी उभी असताना, गार असताना, कमी फेऱ्यांना हा दोष दिसणं शक्य नव्हतं. ज्यांनी आजवर ही गाडी बघितली ते सगळे बॉनेट उघडून उभ्या गाडीकडेच बघत होते.

उरलेला घाट मधल्या फेऱ्यांवर, थांबत थांबत चढलो.

चौथा दिवस: पठारावर

सगळा दिवस दुरुस्तीत. नवा खालचा होज, आत नवी स्प्रिंग. रेडिएटर उलट्या दिशेने धुतला: खालून पाणी सोडून वरून बाहेर. आधी गढूळ तांबडं, मग पापुद्रे, मग बारीक खवले. ते खवले कठीण पाण्यातल्या क्षारांचे. वर्षानुवर्षं नळाचं किंवा विहिरीचं पाणी ओतलं की ते नळ्यांच्या आत आणि सिलिंडरांभोवती बसतात, आणि हा थर बिडापेक्षा कितीतरी पट कमी उष्णता जाऊ देतो.

काकांचा प्रश्न रास्त होता: पाणीच जास्त उष्णता वाहून नेतं ना, मग कूलंट कशाला? खरं आहे, निम्म्या-निम्म्या मिश्रणापेक्षा साधं पाणी किलोमागे जास्त उष्णता उचलतं. पण पाणी गंज लावतं, आणि रेडिएटर गंजाने तुंबल्यावर ते जास्तीचं उचलणं काय कामाचं? कूलंटमधली द्रव्यं गंज रोखतात, उकळबिंदू काही अंश वर नेतात आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणात उणे 35 अंशांपर्यंत गोठू देत नाहीत. शुद्ध केलेल्या पाण्यात निम्मं मिश्रण करून भरलं, हवा काढली.

पाचवा दिवस: परतीचा घाट

परतीलाही हौदा भरलेला. माथ्याअलीकडे एक लांब चढ होता, तोच खरा कस. खालचा गिअर, जास्त फेरे. काटा 90, 92, 93, आणि तिथे थांबला. काकांनी पेडल आणखी दाबलं. 93. होज गोल.

उतारावर इंजिन गार पडत 80 पर्यंत आलं, थर्मोस्टॅट मिटला, पुन्हा 84. खाली उतरल्यावर चारही बाजूंच्या चाकांच्या हबचं तापमान मोजलं. एखादा ब्रेक घासत राहिला तर इंजिनवर कायमचं ओझं पडतं आणि तापण्याचं कारण भलतीकडेच शोधलं जातं. हब सारखेच होते.

रेडिएटरच्या दोन टाक्यांतला फरक आता ओझ्याखाली 12 अंश आहे. उजवा कोपरा अजून बाकी जाळीपेक्षा गारच. धुण्याने सुटेल ते सुटलं, तिथल्या नळ्या क्षारांनी पक्क्या बसल्या आहेत. रेडिएटर पितळ-तांब्याचा आहे, त्यामुळे टाक्यांचा जोड उकलून नळ्यांतून सळई घालता येईल. ते काम पुढच्या फेरीआधी करून घ्यायचं ठरलं आहे. तोवर दुपारच्या उन्हात पूर्ण भरलेली गाडी घाटात न्यायची नाही, आणि काका ते पाळतील याची मला खात्री आहे.